बेडूकतोंड्याचा पत्ता : मार्चची नोंद

मागच्या नोंदीत फ्रॉगमाउथची जोडी सापडल्याचं लिहिलं होतं. आम्ही त्याला बेडूकतोंड्या म्हणतो. कुठं सापडली ते तेव्हाही सांगितलं नव्हतं, आजही बेळगावजवळचा खानापूर तालुका एवढ्यावरच थांबतो. हा पक्षी दिवसभर वाळक्या पानासारखा फांदीला चिकटून बसतो आणि दिवसेंदिवस तीच फांदी धरतो. एकदा पत्ता फुटला की कॅमेरेवाल्यांना शोधावंही लागत नाही. त्यात हा विणीचा हंगाम. अंडं एकच, दिवसा त्यावर नर बसतो. तो दचकून उठला की अंडं उघडं.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप झाकली जाते. पण आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लेखी बेडूकतोंड्याची फारशी काळजी करण्यासारखी स्थिती नाही, त्यामुळे त्याला ते कवच मिळत नाही. झाकायचं असेल तर ज्याचं त्यानंच झाकायचं. जागेच्या तीन सोयी आहेत : उघडी, धूसर आणि खाजगी. खाजगी केली तर नकाशावर काहीच उरत नाही, आणि मग अभ्यासालाही ती नोंद निरुपयोगी. म्हणून मी धूसर निवडली. यात 0.2 अंश बाजूचा, म्हणजे आपल्याकडं साधारण 22 किलोमीटरचा चौकोन धरतात आणि पिन त्यात कुठंतरी टाकतात. तारखेचाही फक्त महिना आणि वर्ष दिसतं. माझी पिन पडली थेट गोव्यात! आपण सीमाभागातले, कुठल्या नकाशात कुठं पडू याची सवय आहे म्हणा.

एवढं करून निर्धास्त झालो आणि टिळकवाडीतल्या जोडीदाराला म्हटलं, शोधून दाखव. जोडी कुठं बसते ते त्याला माहीत नव्हतं. वीस मिनिटांत फोन आला, "मर्दा, जांभ्याची ती मोरी मला बी म्हायती हाय की!"

झालं असं. प्रत्येक नोंदीच्या दुव्यात एक क्रमांक असतो आणि तो चढत जातो. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मी एका दमात चढवल्या होत्या. बेडूकतोंड्याच्या आगेमागे दोन-चार आकड्यांवर राणी पाकोळी हे फुलपाखरू आणि उडता सरडा, दोघंही उघडे, पिना अगदी नेमक्या. तारीख झाकून काय उपयोग? शेजारीच चुगली करत होते. शिवाय सरड्याच्या फोटोत मागं मोरी, आणि तपशिलात मीच हौसेनं लिहिलेलं, "वळणापुढं ओढ्याकाठी". राहिलेली कसर माझ्या ओळखपानानं भरून काढली. तिथं होतं, "दर रविवारी अमक्या रस्त्यावर भेटा", तेही रस्त्याच्या नावासकट. आता बोला.

मग एक अख्खी संध्याकाळ आवराआवरीत गेली. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी एकदम निवडून धूसर केल्या. मोरीचा फोटो काढून टाकला, तपशिलात फक्त झाडाची उंची आणि वेळ ठेवली. यापुढं नाजूक नोंद त्या दिवसाच्या गठ्ठ्यात चढवायची नाही, महिन्याभरानं एकटीच चढवायची. ज्या दोघांना खरी जागा कळायला हवी त्यांना विश्वासातले म्हणून जोडलं, त्यांना नेमके अक्षांश-रेखांश दिसतात. मात्र आधी कुणी उघड्या नोंदी उतरवून घेतल्या असतील तर ती प्रत परत बोलावता येत नाही, ही रुखरुख आहेच.

आणि ग्रुपवर फोटो टाकताना एक सांभाळा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर आतली जीपीएसची माहिती गळून जाते, पण "चांगला दिसावा" म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की ती जशीच्या तशी जाते. मी हे दोन वर्षं करत होतो.

ओळखपान नव्यानं लिहिलं. आता तिथं एवढंच आहे : बेळगाव, बेडूक आणि रात्रीचे पक्षी, ओळख चुकली तर बिनधास्त सांगा. वार नाही, रस्ता नाही. फोटोत मी भीमगड अभयारण्याच्या फलकाशेजारी उभा होतो, तो बदलून चापडा सापाचा लावला. नावांच्या सेटिंगमध्ये मराठीबरोबर कन्नडही ठेवली. खानापूरकडच्या वनरक्षकाला पान दाखवताना मराठी नाव सांगून भागत नाही, आणि त्याच्याकडून कन्नड नाव ऐकलं की आपल्या वहीत भर पडते.

राहता राहिला आवाज. परवा रात्री मादीची घोगरी साद पंचेचाळीस सेकंद मिळाली, यंदाची सगळ्यात स्वच्छ. खुशीत जोडीदाराला ऐकवली. तो म्हणाला, "सुरुवातीला हॉर्न ऐकू येतोय बघ. वस्तीची बस की गा ती." त्या वेळी त्या रस्त्यानं ती एकच गाडी जाते. पहिली बारा सेकंदं कापली. उरलेली तेहतीस मे महिन्यात चढवीन.