फ्रीमाँटच्या शाळेत पालक म्हणून

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत मुलाचं नाव घालताना लसींच्या नोंदी, घराच्या पत्त्याचा पुरावा वगैरे गठ्ठ्यात एक छोटा कागदही भरून द्यावा लागतो. त्यात घरच्या भाषेबद्दल चार प्रश्न असतात. मूल बोलायला लागलं ते कुठल्या भाषेत, घरी ते बहुतेक वेळा काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी काय बोलता आणि घरातली मोठी माणसं काय बोलतात. आम्ही पुण्याहून फ्रीमाँटला आलो तेव्हा लेक पहिलीत जाणार होती. इथल्या ओळखीतल्या एका ताईंनी आधीच बजावलं होतं, "चारही ठिकाणी इंग्लिश लिहून मोकळा हो. नाहीतर परीक्षेचं लचांड मागे लागेल." बायकोचंही तेच म्हणणं, कारण लेक पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या केजीत होती. मी चारही रकान्यांत मराठी लिहिलं. आम्ही घरात भांडतोसुद्धा मराठीत, मग खोटं कशाला लिहायचं?

लचांड खरंच मागे लागलं. नाव घातल्यापासून ३० दिवसांच्या आत 'एल्पॅक' नावाची इंग्रजीची चाचणी होते. लेकीला एकटीला समोर बसवून ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं तपासलं गेलं आणि घरी पत्र आलं की ती 'इंग्लिश लर्नर', म्हणजे अजून इंग्रजी शिकणारी आहे. बायको भडकली. शाळेतल्या ज्या बाई या मुलांचं काम बघतात त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी १९७४ची गोष्ट सांगितली. इथून तासाभरावरच्या सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांना नुसतं वर्गात बसवून ठेवत, वेगळं काही शिकवत नसत. पालक कोर्टात गेले आणि 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे सगळ्यांना सारखी संधी मिळाली असं होत नाही. आजची ही चाचणी त्याच वाटेने आलेली आहे.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली, आणि ती ताईंना अजून पटलेली नाही. २०१३ पासूनच्या पद्धतीत राज्य सरकार शाळांसाठी पैसे देतं ते मुलांच्या सरासरी हजेरीवर. मूल इंग्रजी शिकणारं असेल, गरीब घरातलं असेल किंवा फॉस्टर केअरमधलं (सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांकडे वाढणारं) असेल, तर त्याच्यामागे मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात. म्हणजे आपली मंडळी कटकट नको म्हणून कागदावर इंग्लिश लिहितात, तेव्हा त्यात शाळेचंही नुकसान असू शकतं.

आता शाळेत प्रत्यक्ष शिरण्याबद्दल. पुण्यात पालकांची हद्द फाटकापाशी संपायची. इथे वर्गशिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात विचारलं, वाचनाच्या तासाला येऊन बसाल का? मी आनंदाने हो म्हटलं आणि क्षयरोगाच्या कागदात अडकलो. मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकाला क्षयाची जोखीम तपासून घ्यावी लागते. इथे जन्मलेले पालक प्रश्नावलीला 'नाही, नाही' करत सुटतात. आपलं घोडं जन्मदेशाच्या प्रश्नापाशी अडतं, कारण क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशांत भारत येतो. एक 'हो' आलं की पुढे तपासणी. त्यातही त्वचेवरची चाचणी केली तर लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे ती उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि सगळ्यांचे गंभीर चेहरे. माझ्या तेलुगू शेजाऱ्याचं नेमकं हेच झालं होतं, म्हणून त्याने मला आधीच सांगून ठेवलं, "रक्ताची चाचणी माग, तिला बीसीजीने फरक पडत नाही." डॉक्टरांनी कुरकुर न करता लिहून दिली. दाखला चार वर्षं चालतो. हे काम ऑगस्टमध्येच उरकावं. रिपोर्ट यायला दिवस जातात आणि तोवर वर्गातल्या जागा भरलेल्या असतात.

वर्गातलं काम सोपं. चार-पाच मुलं घेऊन बसायचं, त्यांनी वाचायचं, आपण ऐकायचं. बाबा मंडळींत मी बहुतेक वेळा एकटाच.

मग 'इंटरनॅशनल नाइट' आली. दाण्या-सुकामेव्याच्या ॲलर्जीमुळे शेंगदाणे, काजू बंद, म्हणून आम्ही बिनशेंगदाण्याचा चिवडा केला (त्याला चिवडा म्हणावं का, यावर घरात अजून एकमत नाही). पंजाब्यांचं टेबल, तेलुगूंचं टेबल, चिन्यांचे कंदील, अफगाणी बोलाणी (भरलेल्या पोळ्या), हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मजा आली, नाही असं नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या समितीची बैठक होती, तिथे बोटांवर मोजण्याइतके पालक. ज्या शाळेत अशी २१ किंवा जास्त मुलं असतात तिथे ही समिती कायद्यानेच असावी लागते. शाळेच्या वार्षिक आराखड्यावर ती सल्ला देते. चिवडा खाऊन लोक आपलं कौतुक करतात, पण मुख्याध्यापिकेला आपल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं ते या खोलीत. मी हात वर केला आणि निवडून आलो. दुसरा हातच वर नव्हता.

पहिली बैठक कंटाळवाणी होती. आद्याक्षरांचा पाऊस आणि तक्त्यांच्या स्लाइड. कान टवकारले ते एक अफगाणी आई बोलायला लागल्यावर. फ्रीमाँटच्या सेंटरविल भागाला 'लिटल काबूल' म्हणतात. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्यानंतर बाहेर पडलेल्या कुटुंबांपासून इथे वस्ती वाढत गेली आणि २०२१ नंतर आणखी लोक आले. त्या बाई दरी या अफगाणी भाषेत बोलत होत्या, फोनवरचा दुभाषा इंग्रजीत सांगत होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. शिक्षकांना भेटण्याची वेळ ठरवायची चिठ्ठी इंग्रजीत येते, ती वाचता येत नाही, म्हणून वेळ ठरत नाही आणि मग शाळेला वाटतं की आईला रस नाही.

उत्तर मिळालं ते नियमाचं. शाळेतल्या १५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलांची एकच भाषा असेल तरच त्या भाषेत सूचना लिहून देणं बंधनकारक आहे. आमच्या शाळेत दरी बोलणारी मुलं तेवढी नाहीत, मराठीचं तर नावच सोडा. माझ्या तेलुगू शेजाऱ्याने विचारलं, बंधनकारक नाही म्हणजे करायला बंदी आहे का? थोडी शांतता झाली. शेवटी समितीचा सल्ला म्हणून इतिवृत्तात दोन ओळी गेल्या: चिठ्ठीवर भाषेसमोर खूण करायला चौकोन असावा, आणि खूण आली तर ऑफिसने दुभाषा घेऊन घरी फोन करावा. पुढच्या सत्राच्या चिठ्ठीवर चौकोन आला. इतिवृत्तात लिहिलं नसतं तर तो आला असता असं मला वाटत नाही.

वसंतातल्या एल्पॅकमध्ये लेकीला चौथी, म्हणजे सगळ्यात वरची पातळी मिळाली. पण नुसत्या गुणांवर मूल इंग्लिश लर्नरच्या यादीतून बाहेर पडत नाही. शिक्षकाचं मत, मूलभूत कौशल्यांचा पुरावा आणि पालकांशी सल्लामसलत, असे आणखी तीन निकष आहेत. सही करण्याआधी बायकोने लेकीच्या लिखाणाचे नमुने मागवले, एकेक वाचला, मदत थांबल्यावर लक्ष कोण ठेवणार ते विचारलं. चार वर्षं शाळेने प्रगती बघायची असते, असं उत्तर मिळालं. तिने ते तारखेसह लिहून घेतलं आणि मग सही केली.

लेक यादीतून बाहेर आली, तसा माझा समितीतला हिशेबही बदलला. शाळेत इंग्रजी शिकणारी मुलं जितके टक्के, निदान तितके टक्के सदस्य त्यांचे पालक असावे लागतात, आणि मी आता त्यांत मोजला जात नाही. त्या अफगाणी बाई अध्यक्ष झाल्या. मी इतिवृत्त लिहितो. मंजुरीआधी बाई दुभाष्याकडून ते पूर्ण वाचून घेतात आणि बहुतेक वेळा एखादी ओळ बदलायला लावतात.