धादिंगच्या डोंगरातली शाळा: खानदेशातून नेपाळला सेवेसाठी जाणाऱ्यांना

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातले आम्ही आठजण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नेपाळमधल्या धादिंग जिल्ह्यात, एका खेड्यातल्या शाळेत सेवेसाठी जाऊन आलो. दोन झेडपीचे शिक्षक, एक नर्स, एक वेल्डर, बाकी कॉलेजची पोरं. आल्यापासून नवापूर, शहादा, धुळे इकडच्या मंडळ्यांमधून चौकशीचे फोन सुरू आहेत. प्रत्येकाला सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

आधी वेळ ठरवा. आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास तिकडे दशैं-तिहारची मोठी सुट्टी असते आणि शाळा बंद असतात. आपल्याकडच्या शिक्षकांना दिवाळीच्या सुट्टीत जाणं सोयीचं वाटतं, पण तेव्हा जाऊन उपयोग नाही. तिहार आटोपल्यावर जा. पावसाळ्यात तर नकोच. नारायणगढ ते मुग्लिन हा रस्ता त्रिशूली नदीच्या काठाकाठानं, डोंगर कापून काढलेला आहे. जुलै २०२४ मध्ये याच रस्त्यावर दरड आली आणि दोन बस नदीत वाहून गेल्या. हिवाळ्यातही हा टप्पा दिवसाउजेडीच करा.

भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेस थेट गोरखपूरला नेते. नंदुरबार-नवापूरकरांनी सुरत लाइननं भुसावळ गाठावं. गोरखपूरहून बसनं सोनौली, तिथं सीमा पायीच ओलांडायची. पुढं भैरहवा, बुटवल, नारायणगढ, मुग्लिन, मलेखु आणि मग वर धादिंगबेसी, म्हणजे जिल्ह्याचं मुख्य गाव. तिथून गावापर्यंत बोलेरो. कच्चा रस्ता आणि वळणावर वळण, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी.

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड जवळ ठेवा. विमानानं जाणाऱ्या मोठ्या माणसांना नुसत्या आधारवर सोडत नाहीत. आपल्या शंभर रुपयांचे तिकडे १६० होतात, हा दर ठरलेलाच आहे. शंभराच्या नोटा न्या आणि खर्चाचे पैसे धादिंगबेसीलाच सुटे करून घ्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं.

आता शाळेविषयी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात या पट्ट्यातल्या कितीतरी शाळा पडल्या. तो शनिवार होता. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, म्हणून पोरं वर्गात नव्हती आणि वाचली. पण तिथल्या मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच असते. भूकंप दुपारी बाराच्या सुमारास झाला, आणि भरल्या उपासनेत छत कोसळून कित्येक विश्वासणारे गेले. हे आम्हाला गावातल्या एका आजीनं सांगितलं. तिच्यासोबत आम्ही प्रार्थना केली. त्याशिवाय दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

ही शाळा भूकंपानंतर नव्यानं उभी राहिलेली. दगडी भिंती, वर पत्रा. पोरं बहुतेक तामाङ समाजाची. घरी तामाङ बोलतात आणि पहिलीत येऊन नेपाळी पुस्तक उघडतात. आमच्यातल्या एक ताई नवापूर तालुक्यातल्या, घरची भाषा मावची. मराठी त्या शाळेतच शिकल्या आणि आता झेडपीत शिकवतात. पहिलीचा वर्ग त्यांनी दाराशी उभं राहून पाहिला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, ही पोरं गप्प का बसलीत ते मला विचारा."

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाच्या बाईंशेजारी जमिनीवर बसल्या. मका, शेळी, सरपण, डोको म्हणजे तिकडची पाठीवरची टोपली, अशा घरातल्या वस्तूंची चित्रं कार्डांवर काढली. सातवीतली एक मुलगी प्रत्येक चित्राला तामाङ शब्द सांगायची, बाई शेजारी नेपाळी शब्द लिहायच्या. लिपी दोन्हींची देवनागरीच, त्यामुळे ताईंनाही वाचता येत होतं. शेळीचं कार्ड वर धरलं तेव्हा मागच्या रांगेतला एक पोरगा उठून उभा राहिला आणि स्वतःच्या शेळीची लांबलचक हकीकत सांगू लागला. बाई म्हणाल्या, शाळेचं वर्ष सुरू झाल्यापासून हा वर्गात बोललाच नव्हता. कार्डं बाईंच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून आलो. ती त्यांची आहेत, आणि कशी वापरायची ते त्याच ठरवतील.

तुमच्या टीममध्ये मावची, पावरी, भिली किंवा अहिराणी घरात बोलून शाळेत मराठी शिकलेलं कोणी असेल, तर त्यांना सगळ्यांत आधी न्या. अशा शाळेत त्यांना जे पटकन दिसतं ते इंग्लिश मीडियमच्या हुशार पोरांना दिसत नाही. आणखी एक सारखेपणा डोळ्यांत पाणी आणतो. दिवाळीनंतर आपल्या सातपुड्यातले आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजीपाशी राहतात. तिकडे बाप आखातात नाहीतर मलेशियात असतो, आणि लेकरू आजीपाशीच.

निघण्याच्या बरंच आधी हेडसरांना फोन करून विचारा, काय हवंय? (तिकडेही हेडसरच म्हणतात, आणि हिंदीवर निभावतं.) आम्ही विचारलं तर ते म्हणाले, रंग नको, मुलींच्या संडासाला दार आणि कडी पाहिजे. दार मोडल्यापासून आठवीतल्या मुली महिन्यातले काही दिवस शाळेत येत नव्हत्या. म्हणून आम्ही टीममध्ये वेल्डर घेतला. धादिंगबेसीहून पत्रा आणि अँगल नेले, तिथल्याच वर्कशॉपमधून मशीन भाड्यानं आणलं. वीज सारखी जात होती, तरी दार बसलं. कडी आतून नीट लागते की नाही ते मुलींनी स्वतः तीन-चारदा लावून पाहिलं. सगळ्या सेवेत मला मोलाचं वाटलं ते हे काम.

साक्ष देण्याबद्दल, म्हणजे येशूविषयी सांगण्याबद्दल, स्पष्ट लिहितो, कारण बहुतेक फोनवर हाच प्रश्न येतो. नेपाळच्या संविधानात आणि फौजदारी कायद्यात धर्मांतर करवण्याला बंदी आहे. ५ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर रवानगी. शाळेत पत्रकं, बायबलच्या गोष्टी, गाणी काहीही नको. तुम्ही निघून याल, पण चौकशीला तोंड द्यावं लागेल ते तिथल्या पाळकांना (पास्टरांना) आणि हेडसरांना. आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. दुसऱ्याच्या लेकराला आईबापांना न विचारता काही शिकवू नये. आपल्या पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या परदेशी ख्रिस्ती संस्थेची माणसं आली ती भाषा शिकली, वर्षानुवर्षं राहिली, लोकांच्या सुखदुःखात मिसळली. थोड्या मुक्कामाला गेलेल्यांनी दार बसवावं, कार्डं करावीत, तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली राबावं. प्रभूला तेवढं पुरतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

शनिवारच्या उपासनेला मात्र अवश्य जा. चपला बाहेर काढायच्या, खाली बसायचं, बाया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. "जय मसीह" म्हणून हात जोडतात. मादलवर, म्हणजे तिकडच्या छोट्या ढोलकीवर, गाणी होतात. आम्हाला गायला सांगितलं तेव्हा आम्ही अहिराणी भजन म्हटलं आणि पोरांनी दुसऱ्याच कडव्याला ताल धरला.

मुलांचे फोटो आईबापांना आणि शाळेला विचारल्याशिवाय काढू नका, स्टेटसला तर ठेवूच नका. खाऊ, कपडे, वह्या पोरांच्या हातात वाटू नका, हेडसरांकडे द्या. जेवण दोन्ही वेळा डाळभात, कधी मक्याचा ढिंडो (पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि गुंद्रुकची (आंबवून वाळवलेल्या पाल्याची) भाजी. तिखटाची सवय असलेल्यांनी शेंगदाण्याची चटणी न्यावी, आमची गावातल्या बायांनीच संपवली. पहाटे थंडी बोचते. आमचा वेल्डर रोज उठून म्हणायचा, "आठे ते भलती थंडी शे, भो." स्वेटर, कानटोपी, जाड मोजे आणि टॉर्च घ्याच.

पुढच्या खेपेला हेडसरांनी गणिताचा शिक्षक मागितलाय, सहावी ते आठवीसाठी, आणि जमलं तर भूमितीच्या मोठ्या पेट्या. तुमच्याकडून कोणी निघत असेल तर आपल्या पाळकांमार्फत तिथल्या पाळकांशी बोला, परीक्षेचा आठवडा टाळून तारीख ठरवा आणि मगच कुशीनगरचं तिकीट काढा.