शिंग नव्हे, बूड तपासा

कान, नाक, कपाळ, हाताची मागची बाजू, म्हणजे वर्षानुवर्षं ऊन खाल्लेली त्वचा. तिथे कधी कधी शिंगासारखी टणक वाढ येते. बैलाच्या शिंगात हाड असतं. इथे नुसतं केराटिन, म्हणजे नखं ज्याची बनतात ते कडक प्रथिन. भीती शिंगाची वाटते, पण खरी भानगड बुडाशी. तिथे साधी चामखीळ असेल, उन्हाने झालेला कर्करोगपूर्व चट्टा असेल, किंवा साधारण ५-६ जणांत एकाला स्क्वॅमस पेशींचा (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) कर्करोगही. बूड रुंद, कडक, लालसर, दाबल्यावर दुखरं असेल तर संशय वाढतो. दोरा बांधून किंवा नेलकटरने शिंग पाडू नका. बुडातला आजार तसाच राहतो. बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीतही, नुसता वरचा तुकडा पाठवला तर अहवालात फक्त केराटिन दिसतं. बुडाची त्वचा पूर्ण जाडीनिशी हवी.