शिट्टी नव्या ट्यूबमध्येच होती

काल रात्री गिटार अॅम्पचा गेन (सिग्नल वाढवायची नॉब) आठवर नेला, गिटारच्या तारांवर तळवा ठेवला आणि वाट बघत बसलो. शिट्टी आली नाही. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा या १५ वॅटच्या कॉम्बोतून (अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) नुसती हलकी सळसळ ऐकली. पाच मिनिटं तशीच ऐकत राहिलो.

मागच्या वेळी ईएल८४ या पॉवर ट्यूबची जोडी बदलून झाली होती. ते पैसे वसूल झाले. जुनी जोडी पार थकलेली, सहावी तार छेडली की आवाज फुसका यायचा. आता तीच तार छातीत लागते. कॅथोड बायस (ट्यूबचा करंट आपोआप सांभाळणारी जोडणी) असल्यामुळे मॅच्ड, म्हणजे सारख्या मोजमापाची जोडी बसवली की काम संपलं. शिट्टी मात्र जिथल्या तिथे, गेन सहाच्या पुढे नेला की सुरू.

गिटारच्या पिकअपचा (तारांचा कंप टिपणारा भाग) संशय नको म्हणून गिटारची केबलच काढली, तरी शिट्टी. मग पेन्सिल घेतली. व्ही-वनवर, म्हणजे इनपुटच्या पहिल्या ट्यूबवर टकटक केली तर स्पीकरमधून घंटेसारखा टणत्कार. मायक्रोफोनिक, म्हणजे हादऱ्याचाही आवाज करणारी ट्यूब! तिच्या जागी नवी १२एएक्स७ मागवली, बसवली, आणि शिट्टी गेन पाचवरच यायला लागली.

इथे माझे सहा दिवस गेले. नवी ट्यूब म्हणजे चांगली ट्यूब, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की तिला पेन्सिल लावलीच नाही. अर्थिंग तपासलं, इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेली, एक कपॅसिटर बदलला. शेवटी मित्राचा ८ ओहमचा बॉक्स आणला, कॉम्बोचा स्पीकर सोडवून लांब वायरने तो शेजारच्या खोलीत जोडला. (अॅम्प चालू करण्याआधी स्पीकर जोडलेला आहे ना, दोनदा बघा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.) गेन दहा. शांत! म्हणजे सर्किट निर्दोष. स्पीकरचा हादरा ट्यूबमधल्या ग्रिडला हलवत होता, त्या हलण्याचा सिग्नल होऊन पुन्हा स्पीकरला जात होता. आता नव्या ट्यूबवर पेन्सिल मारली, तर ती जुनीपेक्षा जास्त वाजली.

विकणाऱ्याने ती 'टेस्टेड' म्हणून दिली होती. पण साधा टेस्टर करंट मोजतो, ठोकून बघत नाही. यापुढे व्ही-वनसाठी वेगळी निवडलेलीच ट्यूब घेणार, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

फेज इन्व्हर्टरला (पॉवर ट्यूबच्या आधीची जागा) माझ्याकडे बीईएलची (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ईसीसी८३ होती, म्हणजे १२एएक्स७च, बेंगळुरूची, मांडवाच्या लाऊडस्पीकरवाल्याच्या मोडक्या अॅम्प्लिफायरमधून काढलेली. अॅम्प बंद केला, ट्यूब गार होऊ दिल्या आणि तिची आणि व्ही-वनमधल्या नव्या ट्यूबची अदलाबदल केली. व्ही-वनमधली कुरबुर पुढची प्रत्येक स्टेज वाढवत नेते. फेज इन्व्हर्टरच्या पुढे फक्त पॉवर ट्यूब, म्हणून तिथे तीच वाजरी ट्यूब गप्प राहते. बीईएलचा आवाज किती गोड आहे, काय सांगू! थोडी खरखर होती, ती सॉकेटची. २०१९च्या पुरात अॅम्प माळ्यावर होता, पाणी लागलं नाही, पण घराची ओल कित्येक महिने गेली नव्हती. कपॅसिटर डिस्चार्ज करून पिनांच्या पकडी सुईने आवळल्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. खरखर गेली.

राहिली एकच गोष्ट: गेन नऊच्या वर पाचव्या तारेवर बारीक गुणगुण. त्यासाठी व्ही-वनला कमी गेनची ५७५१ ट्यूब मागवणार होतो. तिचा गेन ७०, १२एएक्स७चा १००. पण आज सकाळी भावाची सतार जवारीला (घोडी घासून आवाज खुलवायला) द्यायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो, अॅम्प गाडीतच होता. तिथल्या सतारमेकर काकांनी सतारीचा भोपळा ठोकतात तसं बोटाच्या पेरानं कॉम्बोच्या मागच्या फळीवर ठोकलं आणि म्हणाले, "ही सैल आहे, हीच बोलतीय बघ." दोन स्क्रू आवळले. घरी येऊन लावून बघितलं, गुणगुण निम्म्याने कमी!

त्यामुळे ५७५१ रद्द. ट्यूब स्पीकरच्या डोक्यावर उलट्या लटकवण्यापेक्षा चॅसीला (अॅम्पचा धातूचा सांगाडा) स्पीकरपासून वेगळा हेड बॉक्सच करावा, तोही सतारीच्या तुनीच्या लाकडाचा. काकांना विचारलं, तुकडे आहेत म्हणाले.

हे लिहिताना सुचतंय, आधी चॅसीच्या चार स्क्रूंखाली रबरी ग्रोमेट (हादरा शोषणाऱ्या रबरी कड्या) घालून बघावेत. उरलेली गुणगुण तेवढ्यानेच गेली तर कॉम्बो मोडायला नको. ग्रोमेट उद्या आणतो. पण चॅसीचं माप काढून ठेवलंय, रविवारी सतार आणायला जाईन तेव्हा काकांना देणार.