बिचिरचे शेजारी
ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बिचिर मासा पाळायचा तर सेनेगल जातच घ्या. ती साधारण फूटभर वाढते. ऑर्नेट ही दुसरी जात दोन फुटांपर्यंत जाते. टाकी किमान ४ फूट लांब, दीड फूट रुंद हवी. पाणी काठोकाठ भरू नका, बिचिर वर येऊन हवा गिळतो. झाकणाखाली २ इंच मोकळे ठेवा आणि फिल्टरच्या नळीभोवतीची फट स्पंजने बुजवाच. एवढ्याशा फटीतूनही तो रात्री निसटतो, सकाळी सोफ्याखाली सुकलेला सापडतो.

सोबती तोंडात न मावणारेच निवडा. मोठे सिल्व्हर डॉलर मासे उत्तम. गप्पी, निऑन असे छोटे मासे रात्रीत फस्त होतात. प्लेको मासा नकोच, तो बिचिरच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. बिचिरची नजर अधू असते, तो वासावर खाणं शोधतो. म्हणून दिवा मालवल्यावर खाद्याच्या बुडणाऱ्या गोळ्या टाका. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी थेट माशांच्या टाकीत सोडू नका. बादलीत निवू द्या, क्लोरीन काढणारं औषध घाला.