आजीचा फोटो आणि यूयूडीकोड : माझा अनुभव

बाबांच्या कपाटात जुनी सीडी सापडली, वर स्केचपेनने "मेल ९८" लिहिलेलं. तेव्हा घरी इंटरनेटसाठी व्हीएसएनएलचं शेल अकाउंट होतं, म्हणजे स्क्रीनवर नुसती अक्षरं, चित्र बघायची सोयच नाही. मामा न्यू जर्सीला होता, आजी मामेबहिणीच्या बारशाला तिकडे गेलेली आणि मामाने तिथून मेलने फोटो पाठवला होता हे आईकडून कितीदा ऐकलेलं, पण तो फोटो आमच्याकडे कुणी पाहिलाच नव्हता. बाबांनी मेल मात्र जपून ठेवले.

सीडीवर त्या फोटोच्या तीन टेक्स्ट फाइल होत्या, एकच फोटो तीन मेलमध्ये तुकडे करून पाठवलेला. पहिलीत वर मामाच्या दोन ओळी, खाली "बिगिन ६४४" आणि फोटोचं नाव, आणि मग पानंच्या पानं टायपिंगचा कचरा वाटावा अशी अक्षरं, जवळपास प्रत्येक ओळ कॅपिटल एमपासून सुरू. ही यूयूएनकोडची खूण. तेव्हा मेलमधून फक्त साधी अक्षरं सुखरूप जायची, म्हणून मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बर्कलीला ही युक्ती काढली, की फाइलचे तीन बाइट, म्हणजे चोवीस बिट घ्यायचे, त्यांचे सहा-सहा बिटचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला छापता येणारं एक अक्षर द्यायचं. पहिलं अक्षर सांगतं ओळीत किती बाइट आहेत, एम म्हणजे ४५. पंचेचाळीस बाइटची ६० अक्षरं आणि पुढचा एम धरून ६१.

ही अक्षरं उलट परत फाइलमध्ये बदलणारं टूल म्हणजे यूयूडीकोड. लिनक्सवर ते आधीपासून नसतं, शारयुटिल्स नावाचं पॅकेज टाकावं लागतं, ते एका मिनिटात झालं. मग तिन्ही फाइल कॅट या कमांडने एकामागे एक जोडल्या आणि यूयूडीकोड चालवलं. जेपीजी तयार झाली, उघडली तर वरती पडद्याची पट्टी आणि पाळण्याची दोरी दिसते, खाली सगळे रंगीत चौकोन. कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या मेलचे हेडर, म्हणजे वरच्या पाठवणारा-तारीख वगैरेच्या ओळी, मध्येच राहिले होते आणि टूल बिचारं त्यांनाही डेटा समजून डीकोड करत गेलं. त्यात "मेसेज-आयडी"ची ओळ तर एमपासूनच सुरू होते, नुसत्या नजरेने चाळताना ती सुटतेच. हेडर, रिकाम्या ओळी, मामाची सही सगळं हाताने काढलं, मूळ फाइलला हात न लावता, कॉपीवर.

परत चालवलं. आता आजीचं कपाळ आणि डोळे दिसले आणि तिथून पुढे परत रंग बिघडले. एरर काहीच नाही, हाच खरा त्रास, कुठे चुकतंय ते कळणार कसं? दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी ऑक या ओळी निवडणाऱ्या कमांडने एमपासून सुरू होणाऱ्या ज्या ओळी ६१ अक्षरांच्या नाहीत तेवढ्या छापून घेतल्या, तर जवळपास सगळ्याच आल्या, बहुतेक ६२ च्या! विंडोजमध्ये सेव्ह केल्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर होतं, ते टीआर या कमांडने उडवलं आणि परत तपासलं. मग उरल्या अकरा. दहा ६० अक्षरांच्या, एक ५९ ची.

हे बघताच डोक्यात प्रकाश पडला. यूयूएनकोडच्या जुन्या प्रकारात शून्यासाठी स्पेस वापरतात, आणि ओळीच्या शेवटच्या स्पेस वाटेत कुठल्यातरी प्रोग्रामने कापून टाकल्या होत्या. म्हणूनच नंतर शून्यासाठी बॅकटिक, म्हणजे ` हे चिन्ह, वापरायला लागले. म्हणजे माझं काहीच हरवलं नव्हतं, जे गेलं ते शून्यच होतं आणि ते परत लावता येत होतं. त्या अकरा ओळींना ६१ अक्षरं होईपर्यंत शेवटी स्पेस लावल्या आणि तिसऱ्यांदा यूयूडीकोड.

पूर्ण फोटो आला. आजी पाळण्याशेजारी खुर्चीत, मांडीवर बाळ, साडीवर जाड स्वेटर. आई आतून आली, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "स्वेटर मी विणला होता, मुंबईत कशाला लागतोय म्हणून घेऊन जायलाच तयार नव्हती."

सीडीवर अजून एका फोटोचे तुकडे आहेत, पण त्यातला मधला मेल नाही. मामाला फोन केलाय, तो त्याच्या जुन्या डिस्क काढून बघतोय.