द्रास : तोलोलिंगच्या पायथ्याशी

श्रीनगर-कारगिल प्रवासात गाडीवाले द्रासच्या कारगिल युद्धस्मारकापाशी जेमतेम वीस मिनिटं थांबतात. तेवढ्यात फोटो होतात, बाकी काही नाही. निघतानाच दोन तास ठरवून घ्या.

श्रीनगर ते द्रास साधारण 140 किमी. सोनमर्गपर्यंत रस्ता सुखाचा, खरी परीक्षा झोजिलाची (3,528 मीटर). घाटात कधी दरड येते, कधी गाड्या आळीपाळीने सोडतात. त्या वेळा आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवाव्यात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम इथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. ओळखपत्र हाताशी ठेवा. द्रासची उंची तीन हजार मीटरच्या वर, त्यामुळे उतरल्या उतरल्या भराभर चाललात तर धाप लागणारच.

आत गेल्यावर नजर सरळ नावांच्या भिंतीकडे जाते. आम्ही म्हणू, आधी मागे बघा. स्मारकाच्या पाठीशी उभा आहे तो तोलोलिंग. पुष्कळजण त्यालाच टायगर हिल (याच युद्धातलं दुसरं गाजलेलं शिखर) समजतात. तोलोलिंगवरून हा महामार्ग सरळ दिसतो, म्हणजे वर बसलेला शत्रू खालच्या प्रत्येक ट्रकवर तोफांचा मारा करवू शकत होता. म्हणून तो आधी घ्यावा लागला. जून 1999च्या मध्यात 2 राजपुताना रायफल्सने तो घेतला.

त्या पलटणीत कॅप्टन विजयंत थापर होते. वय 22. डिसेंबर 1998मध्ये कमिशन, म्हणजे नोकरीला जेमतेम सहा महिने. तोलोलिंगनंतर पंधरवड्यातच नोल नावाच्या ठाण्यावर हल्ला झाला, आणि 29 जूनला तिथे त्यांना वीरमरण आलं. पुढे मरणोत्तर वीरचक्र मिळालं. चढाईआधी त्यांनी घरच्यांसाठी पत्र लिहून ठेवलं होतं : जमलं तर या आणि आम्ही लढलो ती जागा बघा. वडील स्वतः निवृत्त कर्नल. ते खरंच वर गेले.

भिंतीवर एखादं नाव शोधायचं असेल तर पलटण माहीत करून या, तिथल्या जवानाला विचारणं सोपं जातं. वीरभूमीत, म्हणजे शहिदांच्या स्मृतिशिळा आहेत त्या भागात, आवाज खाली ठेवा. 26 जुलैच्या (कारगिल विजय दिवस) आसपास कार्यक्रम आणि बंदोबस्त असतो, निवांत बघायचं तर ते दिवस टाळा.

दुर्बीण असेल तर उतारावरून हळूहळू फिरवा. झाड नाही, झुडूप नाही; नुसता खडक आणि पायाखालून सरकणारी खडी. दिवसा माणूस लपणार कुठे? म्हणून हल्ले रात्री. नोलवरची ती रात्र मात्र पौर्णिमेची होती.